मामांच्या खिशातली मिरची

आमच्या रुग्णालयात मिरचीची पूड दोन ठिकाणी असायची. एक जेवणाच्या खोलीतल्या कपाटात आणि दुसरी मामांच्या खिशात. कपाटातली महिन्याच्या शेवटी संपायची. मामांची कधी संपली नाही.

मामा म्हणजे आमचे कक्षसेवक. सरकारी दवाखान्यात पुरुष कामगार असला की तो मामा, बाई असली की मावशी, ही रीतच आहे. त्यांची खरी नावं हजेरीच्या वहीत राहतात. वॉर्ड झाडायचा, पेशंट स्ट्रेचरवर घ्यायचा, रक्ताचे बोळे, सलाईनच्या नळ्या, सुया असला सगळा कचरा गोळा करून मागच्या शेडमध्ये न्यायचा, एवढं मामांचं काम. पण नवा डॉक्टर येवो नाहीतर नवी नर्स, त्यांची पहिली परीक्षा घ्यायचे मामाच. हे काम त्यांना कोणी दिलं होतं, ते मी सगळ्यांना विचारून पाहिलं. कोणालाच माहीत नव्हतं.

माझी परीक्षा पहिल्याच दिवशी झाली. मी रनाळ्याची, बऱ्यापैकी शेतीवाडी असलेल्या घरातली, त्यात नर्सिंगला पहिल्या नंबराने पास झालेली. तो नंबर मी कपाळावर चिकटवूनच फिरत होते म्हणा ना. तर समोरून एक उंच, वाळका माणूस आला. भर एप्रिलात गुडघ्यापर्यंत गमबूट, कानात विडीऐवजी पेन्सिल.

"नवी शे का व?"

"हो."

"हातमोजा काढता येस का?"

आता सांगा, नर्सला हे विचारायचं! मी म्हटलं, "मामा, आधी घालता येतात का ते तरी विचारा."

"घालता तं कोनले बी येस," मामा म्हणाले. "काढामा खरी गंमत शे."

त्यांनी मला हातमोजे घालायला लावले. खिशातून छोटी बाटली काढली, माझ्या दोन्ही तळव्यांवर लाल तिखट ओतलं आणि चांगलं चोळायला लावलं. मग म्हणाले, "आते काढ. नि मंग डोया चोय."

मी बोटांची टोकं धरून मोजे ओढले, फटाफट काढले, केराच्या डब्यात टाकले आणि ऐटीत दोन्ही डोळे चोळले. अगं आई गं! पुढचा तासभर मी नळाखाली होते. नाक, डोळे, पहिला नंबर, सगळं वाहून गेलं. मामा शेजारी बसून मगाने पाणी ओतत होते आणि अगदी मायेने चौकशी करत होते.

"तुन्ही माय कधी मिरचीना पथारीवर गयी का?"

नंदुरबारच्या बाहेर मिरच्या वाळत घालायच्या मोठमोठ्या जागा आहेत, त्या पथाऱ्या. हंगामात तिथली जमीन लालच दिसते. माझी आई कशाला जाईल तिथे? मी मान हलवली.

"मन्ही माय आख्खा जनम तठे व्हती," मामा म्हणाले. "दिनभर मिरची निवडे. घर ये, पीठ मये, आमले पाजे. आमनं तोंड कधी भाजनं नई. तिले कोनी शिकाडं? मिरचीनी शिकाडं. कोठे हात लावना, कोठे नई लावना, तिले सम्दं ठाऊक. जंतू दिखत नई, मिरची दिखस, एवढाच फरक शे."

मग त्यांनी करून दाखवलं. एका हाताने दुसऱ्या मोज्याला मनगटाशी बाहेरून धरायचं, उलटा करत काढायचा, मुठीत गोळा करून ठेवायचा. मग उघडं बोट राहिलेल्या मोज्याच्या आतून सरकवायचं आणि तोही उलटा करून काढायचा. तिखट सगळं आत, आपला हात कोरडा. आमच्या कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत मी ते आकृतीसकट लिहिलंही होतं. पण खरं सांगते, शिकले ते त्या दिवशी, नळाखाली.

मामांच्या तऱ्हा सांगायला बसले तर चहा दोनदा गरम करावा लागेल. कचऱ्याच्या ट्रॉलीला त्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेली घुंगरं बांधली होती. चांगली जाड, पितळी, घोड्याच्या गळ्यातली. छुमछुम ऐकू आलं की अख्ख्या वॉर्डात धावपळ. कोणी हनुवटीवर उतरलेला मास्क नाकावर चढवायचं, कोणी पिवळ्या पिशवीत चुकून टाकलेली सलाईनची नळी गपचूप लाल पिशवीत हलवायचं. मामा मात्र नाकासमोर बघत जात. म्हणायचे, "मी काई दखत नई. घुंगरंच दखतस."

हात धुण्याचीही त्यांची वेगळीच पद्धत. घड्याळ बघून हात धुतलेले त्यांना चालत नसत. साबण लावला की नंदुरबार स्टेशनातून गाडी सुटली. मधली एकेक स्टेशनं मनात म्हणत जायचं; तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. खांडबारा आल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. आमच्याकडे एक डॉक्टर थेट कोकणातून आले होते. त्यांना जिल्ह्यातलं दुसरं काही माहीत नव्हतं, पण सुरतेच्या लाइनवरची स्टेशनं खांडबाऱ्यापर्यंत पाठ. कोणी घाईत हात झटकून निघालं की मामा दारातून ओरडायचे, "सायेब, गाडी आऊटरलाच उभी शे!"

आणि त्यांचं ते शुद्ध बोलणं! एरवी मामा अहिराणीशिवाय बोलत नसत. पण संतापले की एकदम पुस्तकी मराठी सुरू व्हायची, तीही हळू आवाजात. मामा शुद्ध बोलायला लागले की समजायचं, आता काही खरं नाही. एकदा नव्या सर्जनने टाके घातले आणि सुई पेशंटच्या चादरीवरच विसरून तो ऑफिसात जाऊन बसला. मामांनी ती सुई चिमट्याने उचलली, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली, ट्रे दोन्ही हातांवर घेतला आणि ऑफिसात गेले. आत तालुक्याचे दोन पुढारी चहा पीत बसलेले.

"साहेब, आपण आपली एक वस्तू विसरला आहात," मामा म्हणाले. "आपल्या घरात ती चालत असल्यास सोबत न्यावी. आमच्या घरात ती चालत नाही."

पुढाऱ्यांनी कप खाली ठेवले. सर्जन पुढे तीन वर्षं आमच्याकडे होता. त्याने टाक्यांचा धागा एकदा अर्धवट सोडला असेल, पण सुई कधी विसरला नाही.

करोनात तर मामांचा भावच वधारला म्हणे. मी तेव्हा नव्हते, पण जुन्या सिस्टर सांगतात. सगळीकडे तो पांढरा पोशाख अंगातून काढायचा कसा, याची व्हिडिओवर शिकवणी चालू होती. आमच्या रुग्णालयात व्हिडिओ कोणी बघितलाच नाही. मामा बाटली घेऊन उभे, सगळ्यांचे डोळे लाल.

एक गोष्ट मात्र कोणाला उलगडत नव्हती. वर्षातून एकदा, पावसाळा सरता सरता, मामा दोन किलो जिलेबी आणायचे. सगळ्यांना वाटायचे, अगदी झाडूवाल्या मावशीपासून साहेबांपर्यंत. वाढदिवस म्हणावा तर तो त्यांना स्वतःलाच माहीत नव्हता. लग्नाचा दिवस म्हणावा तर मामी म्हणायच्या, छे, आमचं तर उन्हाळ्यात झालं. विचारलं की मामा म्हणायचे, "तोंड गोड कर, डोकं कसाले चालाडस?"

आता माझी गोष्ट. 

नोकरीला दुसरं वर्ष. माझं लग्न ठरलं होतं. मुलगा सारंगखेड्याचा, वीज कंपनीत लाइनमन. साखरपुडा झालेला, पत्रिका छापून आलेल्या, तारीख पाच आठवड्यांवर. त्या दिवशी सकाळी एक अपघाताचा पेशंट आला. बेशुद्ध, सोबत कोणी नाही. नाव नाही, गाव नाही. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रक्त थांबवलं आणि त्याला अँब्युलन्सने पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. सगळी घाई. सुई कापायचं यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि मी काय केलं? हातातल्या सुईला टोपण परत लावायला गेले.

सुईला टोपण परत लावायचं नाही, हे आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं होतं. मामांनी लिहिलं होतं, तेही तेलरंगात. मी डावरी. सुई डाव्या हातात, टोपण उजव्या हातात. टोपण चुकलं आणि सुई उजव्या तर्जनीत. हातमोजा होता, पण सुईला मोज्याचं काय!

त्यानंतर जे केलं त्याची अजून लाज वाटते. नर्स ना मी? पहिला नंबर ना? मी मोजा काढला, बोट दाबून रक्त काढलं आणि बाभळीचा काटा मोडल्यावर लहानपणी करायचे तसं बोट तोंडात घातलं. मग नळाखाली धरलं, चिकटपट्टी लावली आणि कोणाला काही बोलले नाही.

का नाही बोलले? पाच आठवड्यांवर लग्न. सांगितलं की सुई टोचल्याच्या वहीत नाव, वहीतलं नाव ऑफिसात, ऑफिसातून बाजारात, बाजारातून रनाळ्यात. "पाटलांच्या पोरीला काय झालं म्हणे?" एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत एवढं कळलं तरी पुरे, पुढचं लोक आपल्या मनाने जोडतात. सासरकडची मंडळी तर काय, पत्रिका परत पाठवतील. मी स्वतःला समजावलं, एवढंसं तर टोचलंय, काही होत नाही.

तासाभराने जेवायची वेळ. जेवणाच्या खोलीत मावशींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणल्या होत्या, सोबत ओल्या लाल मिरचीचा ठेचा. घरच्यांनी लहानपणी रागावून रागावून जेवायची सवय तेवढी उजव्या हाताला लावली होती. आता उजव्या बोटाने ठेचा कसा कालवायचा? डाव्याने जेवले तर दहा जणी विचारतील. मी पर्समधला चमचा काढला आणि चमच्याने ठेचा खायला लागले.

मामा समोर बसले होते. त्यांचा घास हातात तसाच राहिला. माझ्याकडे बघितलं, चमच्याकडे बघितलं, चिकटपट्टीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले,

"सिस्टर, आपण भोजन चमच्याने का करीत आहात?"

माझ्या हातातला चमचा ताटात पडला. अहो, अख्ख्या खान्देशात ठेचा-भाकर चमच्याने खाणारी बाई कोणी पाहिली आहे का? चोरी करायची तर जरा डोकं लावून तरी करावी!

"आपण भोजन थांबवावे आणि माझ्यासोबत बाहेर यावे," मामा म्हणाले.

बाहेर लिंबाखाली मी सगळं सांगितलं. सांगताना हुंदके. मला वाटलं आता शुद्ध मराठीचा पाऊस पडणार. पण मामांनी घड्याळ बघितलं आणि अहिराणीत विचारलं, "घंटाभर व्हयना ना? बोट दाबं का?"

"हो."

"तोंडमा घालं?"

"हो."

"वा! कालेजमा पयला नंबर!" मग माझ्या डोक्यावर टपली मारली. "आते चाल. पयले साबण-पानी, खांडबारापर्यंत. नि मंग डॉक्टर मॅडमकडे. गोयी जेवढी लवकर तेवढी बरी. दोन घंटानी आत पोटमा गयी पाहिजे."

"मामा, वहीत नाव नको. पाया पडते. लग्न मोडेल माझं."

मामांनी मला नळाकडे ढकललं. हात धुवून झाल्यावर त्यांनी मला भांडारखोलीत नेलं. कमरेच्या करगोट्यातली किल्ली काढली, कपाट उघडलं. आत एक लांब वही, वरती कागदी पुठ्ठा. सुई टोचल्याची नोंद करायची वही. ती मामांकडे कुलपात असते हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी पहिलं पान उघडलं.

"वाच."

पहिल्या ओळीत पेन्सिलीने, मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात मामांचंच नाव होतं. पुढे लिहिलं होतं, कचऱ्याच्या पिशवीतली सुई, डावा पंजा.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला नवेच होते. कोणीतरी सुई साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली होती, पिशवी उचलताना ती तळहातात घुसली. हे साहेबांना सांगायला गेले, तर तेव्हाचे साहेब म्हणाले, "तू कुठे इंजेक्शन देतोस, तुला सुई कशी टोचेल? ही वही नर्स-डॉक्टरांसाठी आहे." गोळ्या नाहीत, काही नाही. मामा सहा महिने कोणाला बोलले नाहीत. मामींनाही नाही. घरात वेगळं ताट, वेगळा गडवा, अंथरूण ओट्यावर. मामींना वाटलं, नवऱ्याचं मन दुसरीकडे गेलं. त्या माहेरी निघून गेल्या. शेवटी मामांनी बाजारातून स्वतःच्या पैशाने ही नवी वही आणली, पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, आता तपासणी करा.

"सुई वापरतस तुमी," मामा म्हणाले, "नि टोचस मले. मन्हं नाव नई लिखं तं मले टोचनीच नई का?"

"मग?"

"मंग तपासनी व्हयनी. रिपोर्ट चांगला उना. त्याच दिन जिलेबी ली, नि मामीले माहेरथीन ली उनू."

म्हणजे ती दरवर्षीची जिलेबी! मी भांडारखोलीत फिनाईलच्या डब्यावर बसून रडले. आधी स्वतःसाठी रडत होते, आता मामांसाठी.

"तिले पयलेच सांगं असतं," मामा म्हणाले, "तं सहा महिना ओटावर झोपनू नसतू. ऊठ. लगीन थांबी. गोयी थांबत नई."

मी वहीत नाव लिहिलं. माझ्या डाव्या हाताने. मॅडमनी एक शब्द जास्त न बोलता तपासणीला रक्त घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. कावीळ-ब ची लस मी तिन्ही वेळा घेतलेली होती. तीही मामा ट्रॉली घेऊन मागे लागले म्हणून. निदान ती एक धास्ती नव्हती. त्या पेशंटचा तपास आम्ही फोनवर खूप केला, पण पुढच्या दवाखान्यातून नातेवाइकांनी त्याला गुजरातेत नेलं होतं, तिथून पुढे पत्ता नाही. म्हणजे अठ्ठावीस दिवस गोळ्या, आणि मग तीन महिन्यांनी शेवटची तपासणी होईपर्यंत जीव टांगणीला.

तीन महिने. आणि लग्न पाच आठवड्यांवर.

"पोऱ्याले सांग," मामा रोज म्हणायचे. गोळीने मळमळायचं, तर शर्टाच्या खिशातून फुटाण्यांची पुडी काढून द्यायचे. मिरचीचा खिसा वेगळा आणि फुटाण्यांचा वेगळा.

"आणि तो नाही म्हणाला तर, मामा?"

"तं बरंच व्हयनं समज. ताटमा पडाना पयले मिरची दिखी गयी."

दहाव्या दिवशी मी धीर केला. फोन केला, म्हटलं, अहो, एकदा येऊन जा, बोलायचंय. तो मोटारसायकलवर आला. मागच्या शेडपाशी, रंगीत डब्यांच्या शेजारी आम्ही उभे राहिलो. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, त्याच्या बुटांकडे बघत. सुई, गोळ्या, तीन महिने, सगळं.  

तेवढ्यात छुमछुम छुमछुम. आली ट्रॉली! मला वाटलं, मामा, आज तरी नका हो!

"हाई का पाव्हना?" मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हातमोजा काढता येस का?"

"मी लाइनमन शे," तो जरा ताठून म्हणाला. "रबरना मोजा आमना रोजना शेत."

"मंग तं सोपं शे."

मी डोळ्यांनी खुणा करत होते, नका, नका. कोण बघतंय! मोजे चढले, बाटली निघाली, तिखट चोळून झालं. गड्याने बोटांची टोकं धरली, ओढली, आणि मामांनी सांगताच दोन्ही डोळे चोळले.

पुढची पाच मिनिटं माझा होणारा नवरा आमच्या शेडभोवती गोल गोल फिरत होता. शेवटी नळाखाली डोकं घालून बसला. मी मगाने पाणी ओतत होते. माझी पहिल्या दिवसाची जागा त्याच्याकडे, आणि मामांची जागा माझ्याकडे. एवढ्या काळजीत मला हसू फुटलं, थांबेचना.

त्याने लालभडक डोळे वर केले. पाणी वाहतच होतं.

"वीज बी दिखत नई," तो म्हणाला. "मले गयेल साली पोलवर झटका बसना. घरमा अजून कोनले सांगं नई. तूच पयली." मग नाक पुसून मामांकडे वळला. "तारीख पुढे लोटू. घरमा मी सांगस."

त्याने घरी काय सांगितलं ठाऊक आहे? नर्सबाईंची रजा वरून नामंजूर झाली. माझ्या सासूबाई अजून सरकारच्या नावाने बोटं मोडतात. मला वाईट वाटतं, पण फार नाही.

आता मामा निवृत्त होऊन गावी असतात. ट्रॉली नवीन आली, तिला घुंगरं मी बांधून घेतली. बाटली माझ्या एप्रनच्या खिशात. वहीची किल्लीही माझ्याकडे. वहीत आता कचरा उचलणाऱ्या मावशींची नावं आहेत, कपडे धुणाऱ्याचं आहे, एका मोठ्या डॉक्टरांचंही आहे. सगळे सांगायला येतात, त्याच तासाला येतात. नवीन पोरींना मी पहिलं पान उघडून दाखवते, मग माझं.

पण मला आठवतो तो शेवटच्या तपासणीचा दिवस. सकाळीच रक्त दिलं होतं. दुपारी लिंबाखाली आम्ही तिघं. माझा होणारा नवरा रजा टाकून आला होता. मी वरच्या खिडकीकडे बघत होते. तर हा म्हणतो, "मामा, तुमनी बाटली लया."

मामांनी बाटली काढली. त्याने मोजे चढवले, स्वतःच तिखट ओतून घेतलं, भरपूर चोळलं. मग सावकाश एक मोजा मनगटाशी धरून उलटा काढला, मुठीत गोळा केला, बोट आतून सरकवून दुसरा काढला, लाल डब्यात टाकला. तीन महिने सबस्टेशनवर तालीम करत होता म्हणे. दोन्ही डोळे चांगले घसाघसा चोळले आणि आमच्याकडे बघत राहिला. डोळे कोरडे ठणठणीत.

तेवढ्यात मॅडम खिडकीतून ओरडल्या, "अगं ए, आहेस कुठे? सगळं चांगलं आहे गं, ये वर!"

 तो हसत होता. मामांनी वही आधीच काखेत धरून आणली होती. पान उघडून, कानातली पेन्सिल काढून माझ्या डाव्या हातात दिली. माझ्या नावापुढच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, चांगला.

"आते सालमा दोनदा जिलेबी," मामा म्हणाले आणि तोंड फिरवलं.

मी बघितलं तर मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"मामा, हात न धुताच डोळे चोळले की काय?"

"नई व," मामा म्हणाले. "खांडबारापर्यंत धुयेल शेत."